मोठ्या शहरातलं मरण

डॉक्टर ताबीशनं बोलायच्या आधी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि संगप्पा कलशेट्टीनं ओळखलं, बातमी वाईट आहे. ग्लास पाहून कुणी असं ओळखत नाही. पण संगप्पानं उभा जन्म विम्याच्या एजंटगिरीत घालवला होता, आणि मरणाचा विषय काढायच्या आधी मधे पाणी आणायचं हे त्यानं स्वतःच स्वतःला शिकवलं होतं. फरक एवढाच, की तो दुसऱ्याच्या घरात बसलेला असल्यामुळं पाणी मागायचा. 'वहिनी, जरा पाणी मिळंल काय?' म्हणायचा, वहिनी आत गेल्या की खुर्ची नवऱ्याकडं ओढायचा आणि आवाज खाली आणायचा. आता ताबीशनं खुर्ची ओढली. आवाज खाली आणला. "काका, आपण जरा निवांत बोलू," असं तो म्हणाला तेव्हा तर संगप्पाला दाद द्यावीशी वाटली. वा रे पठ्ठ्या! म्हणजे आज धंदा आपल्यावरच चाललाय. हा ताबीश म्हणजे गणवेश शिवायचा कारखाना असलेल्या मैनुद्दीनचा पोरगा. तो पाळण्यात असताना त्याच्या शिक्षणाची पॉलिसी संगप्पानंच मैनुद्दीनच्या गळ्यात मारली होती. मैनुद्दीन तेव्हा म्हणाला होता, 'संगप्पाभाई, मरने की बात बाद में करो, पैले चाय पिवो.' चहा पिऊन झाल्यावर संगप्पानं मरणाची बात केलीच होती, मैनुद्दीननं सही केली होती, आणि त्यातूनच हा डॉक्टर शिकून तयार होऊन आज त्याच्यासमोर बसला होता. पेरलेलं असं उगवतं.

दिवाळीपासून संगप्पाच्या उजव्या हाताचा अंगठा रुसला होता. आधी शर्टाचं वरचं बटण लागेना, मग स्कूटरची किल्ली फिरेना. शेजारीपाजारी कुणी साखर म्हणालं, कुणी मानेचा मणका म्हणालं. संगप्पानं मणक्याला तेल लावलं, साखर बंद केली, आणि अंगठ्यानं दोन्हीकडं दुर्लक्ष केलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा हळूहळू बसत गेला, तिथं आता पाव चमचा तेल मावलं असतं. दंडात कातडीखाली काहीतरी लवलवायचं. मग सुया टोचून तपासण्या झाल्या. त्यांचे कागद ताबीशपुढं पडले होते आणि तो ते वाचत नव्हता. त्यानं ते आधीच वाचलेले होते, हेही संगप्पानं ओळखलं. "याला मोटर न्यूरॉनचा आजार म्हणतात, काका." आता सोलापुरात मोटर म्हटलं की डोळ्यापुढं पाण्याचीच मोटर येते. चार-पाच दिवसांआड नळ येतो, आला की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम घरघरायला लागतात, आणि ज्याची जळते तो ती गोणपाटात गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडं पळतो. संगप्पानं विचारलं, "वायंडिंग करून मिळत न्हाय काय?" ताबीश हसला नाही. गिऱ्हाईक विनोद करायला लागलं की आपण हसायचं नाही, कारण ते सहीच्या जवळ आलेलं असतं. हा नियम या पोराला कुणी शिकवला असेल याचा संगप्पा विचार करत राहिला, आणि त्या नादात मधली दोन-तीन वाक्यं त्याला ऐकूच आली नाहीत. पुढचं ऐकू आलं. औषधानं जरा लांबवता येतं, बरं होत नाही. हातावरून पायावर येईल, कधीतरी श्वासावर. "आणि पुढं-मागं बोलण्यावर येऊ शकतं," ताबीश म्हणाला. "येईलच असं नाही. डोकं मात्र बहुतेक शाबूत राहतं." म्हणजे दुकान उघडं राहणार, फक्त माल बाहेर काढता येणार नाही. संगप्पाला हातापायांपेक्षा ते बोलण्याचं जास्त लागलं. जिभेवर तर तो जगला होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"तसं सांगता येत नाही, काका."

हेही वाक्य संगप्पाचंच. चुन्यासारखं सगळ्या पानांना लागणारं. त्यानं ग्लास उचलायला डावा हात पुढं केला आणि रोखून बघत राहिला, तसा ताबीश वरमला. शेवटी तो कारखानदाराचाच मुलगा. समोरच्याला आकड्याशिवाय चैन पडत नाही हे त्याला घरातूनच ठाऊक. म्हणाला, सरासरी तीनेक वर्षं, काही लोक पाच, काही त्याहून जास्त. आणि मग, आपण एकटेच नाही हे कळून म्हाताऱ्याला धीर यावा म्हणून, त्यानं एका अभ्यासाची गोष्ट काढली. एका मोठ्या शहरात म्हणे कित्येक वर्षांची मरणं तपासली. या आजारानं कोण गेलं, कोणत्या वयाला, कुठल्या भागात. पुरुष जास्त. साठी-सत्तरीतले जास्त. आणि आकडा वर्षावर्षाला वाढतोय. बिचाऱ्या ताबीशला वाटलं आपण आधार दिला. संगप्पानं मनात त्या आकड्यांचा तक्ता मांडला आणि त्यात स्वतःला शोधलं: पुरुष, त्रेसष्ट. तो तक्त्याच्या कडेला कुठं नव्हता, ऐन मधोमध मांडी घालून बसला होता. जन्मभर त्यानं लोकांना सांगितलं होतं, 'अहो, आकडा कधी खोटं बोलत न्हाय.' आता आकडा त्याच्याकडं बघत होता. आणि बुडणाऱ्याच्या हाताला काडी लागावी तसा त्याच्या हाताला एक शब्द लागला.

"मोठ्या शहरात म्हणालास. कुठलं शहर?"

"परदेशातलं आहे, काका."

"सोलापूर धरलंय का त्यात?"

"नाही हो," ताबीश पहिल्यांदा हसला. "आपलं सोलापूर कुठं तेवढं मोठं?"

दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य उच्चारलं असतं तर संगप्पानं त्याची सालटी काढली असती. सोलापूरला लहान म्हणणं त्याला सहन होत नसे. लेक दानेश्वरी पुण्यात दिलेली. तिचा नवरा सणासुदीला आला की सोफ्यावर पाय पसरून विचारायचा, 'काय म्हणतंय गाव?' गाव! संगप्पाच्या कपाळाची शीर उठायची. महानगरपालिका आहे, आठ-दहा लाख माणूस आहे, आमच्या चादरी तुझ्या पणज्यानं पांघरल्यात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चार भाषांत शिव्या देता येतात, हे तुझ्या पुण्यात जमेल काय? आणि होटगी रस्त्यावरून विमान उडायला लागल्यापासून तर त्याला चेवच चढला होता. विमान डोक्यावरून गेलं की तो फोन उचलून जावयाला सांगायचा, 'आवाज आला काय?' पण आज दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या कानात ताबीशचं वाक्य मोराच्या पिसासारखं फिरत होतं. आपलं सोलापूर कुठं तेवढं मोठं! खरंच की. कुठं मोठं? सात रस्त्याच्या चौकात येऊन तो उभा राहिला आणि शहराकडं मोठ्या आशेनं लहान नजरेनं बघू लागला. शेजारी एक शेळी भिंतीवरचं पोस्टर खात होती. रिक्षावाला एकेका गिऱ्हाइकाला नावानं हाक मारत होता. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं आणि त्यात कुणाची तरी एक चप्पल रुतून बसली होती. छे, छे. हे कसलं शहर? हे तर मोठं झालेलं गाव. मग कोपऱ्यावरून एक भलाथोरला फलक दिसला, त्यावर कसल्याशा बहुमजली इमारतीचं चित्र होतं, आणि संगप्पानं झटकन मान फिरवली.

शहाण्या माणसाचं डोकं असं चालतं ते त्याला भीती वाटते तेव्हा, आणि संगप्पाला भीती वाटत होती. फार वाटत होती. पण ती भीती म्हणून वाटून घ्यायची त्याला सवय नव्हती. ती नेहमी दुसऱ्याला वाटायची, त्याचं काम ती नीट वाटतेय की नाही हे बघायचं. म्हणून त्यानं तिचा हिशेब मांडला. विम्याच्या धंद्यात कोण कुठं राहतो, काय करतो याला महत्त्व असतं. खाणीतल्या माणसाचा दर वेगळा, शाळामास्तरचा वेगळा. जो ज्या तक्त्यात बसतो त्यालाच तो तक्ता लागू. जो तक्त्यात नाहीच, त्याचं तक्ता काय वाकडं करणार? उलटसुलट तपासून पाहिलं तरी त्याला यात खोट दिसेना. अडचण एकच, सोलापूर दिवसेंदिवस सुजत चाललं होतं. आज नाही तर उद्या कुणीतरी त्याला मोठ्या शहरांत धरणार. मतदारयादीत नाव असलेला माणूस तेव्हा कुठं पळणार? तेव्हा त्याआधीच बाहेर पडायचं. शहरापलीकडच्या होटगी गावात त्याचं जन्मघर होतं, दोन खोल्यांचं, दगडी, वर पत्रे. रेल्वेचं जंक्शन असलं म्हणून काय झालं. तिथं गाड्या थांबतात, पण होटगीला मोठं शहर म्हणायची कुणाची छाती होणार नाही. घराच्या वळणापर्यंत संगप्पाचं सगळं ठरून गेलं होतं आणि त्याला चक्क भूक लागली होती.

दारात चप्पल काढताना मात्र त्याला आठवलं, की हे बायकोला, गिरिजाबाईला सांगायचंय. होटगीचं नव्हे, आधीचं. तो बँकेत जातो म्हणून गेला होता. ती भाकरी थापत होती. तिचे हात, कोपरापर्यंत पिठाचे, परातीत असे फिरत होते की त्यांना ती परात किती मोठी हे बघायलाही लागत नव्हतं. तिच्या अंगठ्याकडं तो बघत राहिला. किती साधी गोष्ट, अंगठा दाबायचा म्हणून दाबला जातो. त्यानं घसा खाकरला. "गिरिजा, जरा पाणी मिळंल काय?" आणि ती मागं न वळता म्हणाली, "माठात हाय की. घ्या की." झालं! सगळी विद्या पहिल्याच पायरीवर कोसळली. पाणी आणायला समोरचा उठला तर पुढची खुर्ची ओढता येते, आवाज खाली आणता येतो. स्वतःच उठून माठापाशी गेल्यावर मरणाचा विषय काढायचा कसा? हजारो घरांत त्यानं तो काढला होता. 'मराल' असं तो कधी म्हणाला नाही. 'उद्या काही बरंवाईट झालं तर' म्हणायचा, आणि 'बरं' या शब्दावर हलकासा जोर द्यायचा. मग पोराबाळांकडं बघायचा. मग भिंतीवर एखादा मोकळा खिळा शोधायचा आणि काही न बोलता त्याच्याकडं बघत राहायचा. मोकळ्या खिळ्यासारखा मदतनीस दुसरा नाही. बाई बिचारी त्या खिळ्याला नवऱ्याचा हार घातलेला फोटो बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, 'अहो, करून टाका.' आता पाणी पिताना त्याची नजर आपल्याच भिंतीवर गेली. कॅलेंडर उतरवलेलं होतं. खिळा मोकळा होता. त्यानं घाईघाईनं खुंटीवरची पिशवी काढून त्या खिळ्याला अडकवली, ती डाव्या हातानं, कारण उजव्याला पिशवी पेलेना.

"आपण होटगीला राह्यला जाऊ," तो म्हणाला.

गिरिजाबाईचे हात थांबले. ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची; रागावली की तिच्या मराठीतून कन्नड डोकं वर काढायचं. "एन्री? डोकं फिरलंय काय तुमचं? काय हाय तितं?"

"मोकळी हवा हाय."

"आन् तितल्या कारखान्याची सिमेंटची धूळ कोण खाणार? आयुष्यभर सोलापूर लई मोठं, लई मोठं म्हणून जावयाचं डोकं खाल्लं, आन् आता होटगी? कुणाशी भांडलाय हितं?"

"कुणाशी न्हाय."

"मग साधूबिधू व्हायचंय का? तसं असंल तर एकटेच जावा, मी हितं बरी हाय," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर आपटली. संगप्पाला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठापर्यंत आले आणि तिथं आल्यावर सवयीनं विम्याचे कपडे घालून उभे राहिले: उद्या काही बरंवाईट. स्वतःच्या बायकोला हे म्हणायची त्याला लाज वाटली आणि दुसरं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. तो ताट ओढून जेवायला बसला. पुढं आठवडाभर असंच चाललं. तो सांगायचं ठरवून उठे आणि 'होटगी'पाशी येऊन अडखळे. मधेच त्याच्या हातून कप निसटला, मग चांगला भरलेला तांब्या, मग शेंगाचटणीचा डबा. आणि गिरिजाबाईनं ती तांबडी चटणी फरशीवरून निरपून काढता काढता त्याच्याकडं असं पाहिलं, की चोरी पकडल्यासारखा तो दोन पावलं मागं सरला. "कळतंय मला," ती म्हणाली. "मुद्दाम पाडताय. मी कंटाळून होटगीला हो म्हणावं म्हणून." संगप्पानं नाही म्हटलं नाही. आळ खोटा होता पण सोयीचा होता. शिवाय ती रागावली की तिच्या गालावर रंग चढायचा आणि ती लग्नातल्यासारखी दिसायची, हे त्याला इतक्या वर्षांनी आत्ता, फरशीवर चटणी सांडलेली असताना दिसत होतं. तिला वाईट वाटायला लावण्यापेक्षा राग यायला लावणं किती सोपं, असं त्याच्या मनात आलं, आणि गळ्याशी काहीतरी दाटून आलं. ते नेमकं काय आहे, आजार की दुसरं काही, हे न कळून तो घाबरला आणि न्हाणीत जाऊन मोठ्यानं अ, आ, इ, ई म्हणून पाहिलं. सगळे स्वर जागेवर होते.

शेवटी गिरिजाबाई रविवारी घर तरी बघून येऊ म्हणाली. ती अशासाठी तयार झाली, की घर पाहिल्यावर हा माणूस आपोआप शुद्धीवर येईल. घर होतं तसंच होतं. पत्र्याचा एक कोपरा वाऱ्यानं उचललेला, आत कबुतरांनी संसार मांडलेला. संगप्पानं छाती भरून श्वास घेतला, तो अजून पुरता येतो याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "बघ, किती शांत हाय." तेवढ्यात मालगाडी गेली आणि ती बराच वेळ जात राहिली. शेजारच्या दारातून चंद्रव्वाकाकूनं हाक मारली. ही त्याच्या चुलत चुलत्याची, मलकप्पाची बायको. ऐंशी तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, जीभ मात्र ताठ. "बा तम्मा, कूत्को," असं म्हणून तिनं घोंगडं पसरलं, दोघांना बसवलं आणि पुढं ताक ठेवलं. संगप्पानं डाव्या हातानं पेला उचलला. बोलता बोलता, अगदी सहज, धंद्यातल्या माणसानं बाजारभाव विचारावा तसं त्यानं विचारलं, की हितं होटगीत माणसं साधारण कशानं जातात? चंद्रव्वाला विषय आवडला. तिनं अर्ध्या गावाची मरणं सांगितली: कुणी दारूनं, कुणी साखरेनं, एक जण रुळ ओलांडताना फोनवर बोलत होता. त्यातलं एकही संगप्पाच्या कामाचं नव्हतं. त्याचा चेहरा उजळत चालला. बघा, तक्ताच वेगळा!

"आन् आमचं ध्यान वाळून गेलं," चंद्रव्वा म्हणाली.

"वाळून म्हणजे?"

"म्हंजे वाळून! आदी हात वाळला. मंग पाय. मंग बोलणं बंद. डोळं तेवढं टकाटका. कुणी म्हनलं वारं गेलं अंगावरनं, कुणी म्हनलं करणी. आता ते काय हुतं कुणाला ठावं? गावात असं आनखी बी एक-दोगं गेले की. कोन मोजतंय?"

संगप्पाच्या हातातला पेला तिरका झाला आणि ताक धोतरावर आलं. इतका वेळ त्यानं जी गोष्ट पाहिली नव्हती ती आता समोर घोंगड्यावर येऊन बसली. मोठ्या शहरात माणसं या आजारानं मरत होती, कारण तिथं त्या मरणाला नाव द्यायला कुणीतरी होतं. होटगीतही ती मरत होतीच, फक्त बिननावाची. तक्त्याबाहेर जागा नव्हतीच कुठं. होती ती तक्त्यावरची न लिहिलेली ओळ. त्याला मलकप्पा आठवला. पन्नाशीच्या आतला धिप्पाड माणूस, रेल्वेत गँगमन. एजंटगिरीच्या सुरुवातीच्या दिवसांत संगप्पा त्याच्याही पुढं जाऊन बसला होता आणि तासभर बरंवाईट बोलला होता, आणि मलकप्पा लुळा हात मांडीवर ठेवून फक्त चंद्रव्वाकडं बघत होता. संगप्पाला तेव्हा वाटलं होतं, गिऱ्हाईक गप्प आहे म्हणजे पटलंय. पुढं त्या हाताचं काय झालं, हे त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

"किती दिवस काढले काकांनी?" त्यानं विचारलं. आपला आवाज कसा येतोय हे त्याला स्वतःलाच कळेना.

"दिवस? सात-आठ वर्सं काढली की."

सात-आठ! सरासरीच्या दुप्पट-अडीचपट! मघाशी खचलेला संगप्पा एकदम ताठ बसला. त्याच रक्ताचा माणूस, दवाखान्याचं तोंड न बघता, सिमेंटच्या धुळीत, आणि सात-आठ वर्षं! त्याला उठून चंद्रव्वाच्या पाया पडावंसं वाटलं. "कशावर काढली, काकू? काय देत हुता त्येंना?" त्यानं इतक्या उत्साहानं विचारलं, की गिरिजाबाई त्याच्याकडं बघू लागली. चंद्रव्वा तोंडाला पदर लावून हसली. "काय देणार? दुधात भाकरी कुस्करून, आन् वरनं शिव्या. लई शिव्या दिल्या मी त्येला." मग ती हसता हसताच थांबली. "पयलं वरीस मला सांगितलंच न्हाय भाड्यानं. हातातनं भांडी पाडायचा. माझ्या म्हायेरची पितळी भांडी, सगळ्यांना पोचे. मला वाटलं मुद्दाम करतोय. सहा म्हयनं मी बोलले न्हाय त्येच्यासंगं. आन् मी बोलाय लागले तवर त्येचं बोलणं ग्येलं. मंग पुढची सगळी वर्सं मीच बोलत हुते. त्यो डोळ्यानं कायतरी सांगाय बघायचा. रोज. मी म्हनायचे, तान लागली? न्हाय. पाट खाजती? न्हाय. काय सांगत हुता कुणाला ठावं. अजून बी चुलीफुडं बसले की वाटतं, मेला काय सांगत हुता? कदाचित मीठ जास्त पडलं म्हनत आसंल." ती पुन्हा हसली, आणि ताक आणखी हवं का विचारू लागली. संगप्पाला ते सात-आठ वर्षांचं बक्षीस आता हातात धरवेना. गिरिजाबाईकडं बघायची त्याची छाती होत नव्हती. पण न बघताही त्याला कळत होतं, की ती त्याच्या धोतरावरच्या ताकाच्या डागाकडं बघतेय.

परतीची रिक्षा फाटकापाशी उभी होती. भरल्याशिवाय निघायची नाही, म्हणून रिक्षावाला चहाला गेला होता आणि मागच्या सीटवर ही दोघंच बसली होती. ऊन कलतं झालं होतं, वारा पडला होता. गिरिजाबाई अजून त्या ताकाच्या डागाकडंच बघत होती. कुणीही येऊन बसेल, मग हे इथंही राहून जाईल. आज राहिलं की उद्या राहील. आणि मग एक दिवस आपण डोळ्यांनी सांगत बसू आणि ही विचारत बसेल, पाठ खाजते का. त्यानं घसा खाकरला. तो तिच्याकडं सरकला. त्याचा आवाज आपसूक खाली आला.

"गिरिजा, समज, उद्या माझं काही बरंवाईट—"

"थांबा!" ती एवढ्यानं म्हणाली, की चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. "ते मला नका सांगू. गिऱ्हाईकं घरी आली की आतल्या खोलीत बसून जलमभर ऐकलंय. आदी बरंवाईट, मग पोरंबाळं, मग भिंतीकडं बघायचं. विमा इकायलाय काय मला?"

"न्हाय."

"मग सरळ बोला."

संगप्पा सरळ बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं जोर कुठल्या शब्दावर द्यायचा याचा विचार केला नाही. ताबीश, सुया, अंगठा, पाय, श्वास, आवाज, तीन वर्षं, मोठं शहर, होटगी. जे आधी यायला हवं ते नंतर आलं, वाक्यं एकात एक अडकली. एका ठिकाणी तो "मला लई भीती वाटायलीय" असं म्हणाला आणि ते ऐकून स्वतःच चकित झाला. इतक्या वाईट पद्धतीनं त्यानं कुणालाच कधी काही सांगितलं नव्हतं. नवशिका एजंटही बरा. बोलून झाल्यावर गिरिजाबाईनं त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, अंगठ्याजवळचा खोलगटपणा बोटानं दाबून पाहिला, पुन्हा दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला संतापही आला. दोन्हींतलं आधी काय करावं ते न सुचून तिनं पदरात जोरात नाक शिंकरलं.

"आन् मी म्हणत हुते मुद्दाम पाडताय," ती म्हणाली. मग एकदम, "त्या मोठ्या शहरात. ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांचं काय झालं? ते मोजलंय काय?"

"न्हाय वाटतं."

"मग आर्धंच मोजलंय मेल्यांनी." तिनं त्याचा हात सोडला नाही. "होटगीला यायचं न्हाय."

"न्हाय."

"दानेश्वरीला मी सांगणार. तुमी सांगायला बसलात तर जावई पॉलिसी काढंल." एवढं बोलून ती हसली की हुंदका दिला, ते संगप्पाला कळलं नाही, बहुधा तिलाही कळलं नसावं. मग तिनं डोळे पुसले आणि अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "आवाज कवा जाणार?"

"जाईलच असं न्हाय. पण ठाऊक न्हाय."

"साऱ्या जिल्ह्याशी बोललात. सांगोल्यात कुणाच्या मेंढ्या किती, ते तुमाला पाठ. घरात काय बोललात? टॉवेल कुठाय. चहा टाक. दार लाव." ती सीटवर त्याच्याकडं वळून मांडी ठोकून बसली. "आता जेवढं बोलणं उरलंय तेवढं माझं. दुसऱ्या कुणाला एक शब्द द्यायचा न्हाय. चालू करा."

"आत्ता?"

"मग कवा?"

संगप्पानं तोंड उघडलं. जीभ ठीक होती, टाळू ठीक होता, सगळी मोटर चालू होती, आणि बोलायला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसल्या बसल्या तासभर बोलणारा हा गडी, स्वतःच्या बायकोपुढं परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घामाघूम झाला. चाळीस वर्षांत साठलेलं असणार काहीतरी. नक्की असणार. त्यानं आत बरंच चाचपलं आणि हाताला लागलं ते बाहेर काढलं.

"लग्नात तू हिरवी साडी नेसली हुतीस," तो म्हणाला. "लई चांगली दिसत हुतीस."

"आकाशी," गिरिजाबाई म्हणाली.

रिक्षावाला चहा संपवून आला. त्याच्यामागून एक बाई दोन गाठोडी घेऊन आली आणि सीटवर चढू लागली. संगप्पा तिला जागा करून द्यायला सरकला आणि त्या निमित्तानं आपण गप्प बसायला मोकळे झालो असं त्याला वाटलं. गिरिजाबाईनं कोपरानं त्याला ढोसलं.

"चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "फुडचं बोला."